हिवतापातून उरलेली माणसं

दहावीच्या वर्गात कुणी ‘जो बलवान तो टिकतो’ असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. नाशिकच्या ज्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते, तिथली मुलं हुशार आहेत, क्लास करून आलेली असतात. उत्क्रांतीचा धडा उघडायच्या आधीच त्यांना वाटतं की तो आपल्याला येतो. मग मी खडू खाली ठेवते आणि सांगते, बाळांनो, बलवान वगैरे काही नसतं. एकाच प्रजातीचे जीव थोडे थोडे वेगळे जन्मतात. त्या जागेला, त्या हवेला, तिथल्या रोगाला ज्याचं वेगळेपण सोयीचं पडतं तो जगतो आणि त्याला पोरं होतात. बाकीच्यांना कमी होतात, किंवा होतच नाहीत. पोरांत ते वेगळेपण उतरतं आणि पिढ्यानपिढ्या साठत जातं. मध्ये डोंगर आला, नदी आली, दोन्हीकडच्यांची गाठ पडेनाशी झाली, की इकडचे एका वाटेने बदलतात, तिकडचे दुसऱ्या. शेवटी त्यांचं एकमेकांशी जुळतच नाही आणि नवी प्रजाती तयार होते. आपल्या सह्याद्रीत अशा पाली आहेत ज्या एका डोंगरमाथ्यावर सापडतात आणि शेजारच्या माथ्यावर सापडत नाहीत.

पाली म्हटलं की मुलं हसतात. एका पालीच्या दोन पाली होईपर्यंत मधल्या किती मेल्या, हे कुणी विचारत नाही. पुस्तकातही ते नसतं, आणि मीही कधी त्यात शिरत नसे. धडा संपवायचा असतो, चाचणी परीक्षा तोंडावर आलेली असते.

माझा धाकटा भाऊ हा धडा अंगावर घेऊन जन्मला होता. त्याला सिकलसेल होता.

आमचं गाव कळवणच्या पश्चिमेला, जिथून सुरगाण्याकडचे डोंगर चढायला लागतात तिथं. भात आणि नागली निघाली की अर्धं गाव दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतं. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आईने बागांतली डहाळी-डहाळी बांधून मला शिकवलं. भाऊ वर्षाचा झाला तेव्हा त्याचे हातपाय सुजले आणि तो रडायचा थांबेना. काय झालंय ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली. चांगल्या माणसाच्या तांबड्या पेशी वाटोळ्या असतात, त्याच्या विळ्यासारख्या वाकायच्या आणि बारीक नसांत अडकायच्या. जिथं अडकतील तिथं ठणका. थंडी, तहान, दमणूक, साधा ताप, काहीही पुरायचं. हा दोष अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून आला तर पूर्ण होतो. नुसता अर्धा असेल तर माणसाला काही होत नाही, आयुष्यभर कळतही नाही. आईत अर्धा आहे. माझ्यातही अर्धा आहे. लग्न ठरताना मी नवऱ्याला आधी रक्त तपासून यायला लावलं, तेव्हा त्याच्या घरच्यांना मी फार शहाणी वाटले होते. वाटू दे. त्याच्यात तो नव्हता, म्हणून मी होकार दिला.

भावाला माझं शिकवणं हा थट्टेचा विषय होता. गावात एसटी थांबते तिथं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मी गेले की माझ्या पिशवीतलं दहावीचं पुस्तक काढायचा आणि पानं उलटत विचारायचा, “ताई, मी कुठल्या पानावर?” डोळे कायम पिवळट, अंगावर उन्हाळ्यातही बाह्यांचा शर्ट, पोटऱ्या काठीएवढ्या. पण जीभ अशी की गिऱ्हाईक रिचार्ज विसरून हसत बसायचं. मी म्हणायचे, तू प्रश्नोत्तरात आहेस, कारणे द्या मध्ये. तो म्हणायचा, “मंग दे ना कारण.”

कारण मला माहीत होतं. मी त्याला ते कधीच नीट सांगितलं नाही. त्याला ते सांगून काय मिळणार होतं?

यंदा दिवाळीला गेले तेव्हा आईने सांगितलं की त्याला मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला बसवायचं आहे. आमच्या लोकांत हा फार मोठा सण. नवस बोललेले पुरुष कित्येक दिवस व्रत धरतात. त्यांना माऊली म्हणतात. एक वेळ जेवायचं, अनवाणी फिरायचं, जमिनीवर झोपायचं, पहाटे गार पाण्याने आंघोळ करायची. खळ्यावर भोपळ्याची पावरी वाजते आणि माऊल्या गोल धरून नाचतात, गावोगाव जाऊन नाचतात, आणि पौर्णिमेला देवाच्या डोंगरावर चढतात. आईने त्याच्या बरं होण्यासाठी नवस बोललेला होता. म्हणजे हा आजार ज्या ज्या गोष्टींनी उसळतो, त्या सगळ्या एकाच व्रतात गोळा करून तिने त्याच्या पुढ्यात ठेवल्या होत्या. तेही तो बरा व्हावा म्हणून. मी तेव्हा हसू की रडू असं झालं आणि दोन्ही न करता मी भांडायला उठले.

आई आमच्या कोकणी बोलीत बोलते, म्हणजे आम्हा कोकणा आदिवासींच्या; गोव्याकडची कोकणी ती वेगळी. इथे मी ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून नाशिककडच्या वळणाने लिहिते.

“देव काय त्याला मारल का?” आई म्हणाली.

“देव नाही मारणार. थंडी मारेल,” मी म्हणाले.

“आजवर डाक्तर झाले, गोळ्या झाल्या. एकडाव देवाचं बी व्हऊ दे.”

मी भावाकडे वळले. मला वाटलं हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तो शिकलेला होता, गोळ्या वेळेवर घ्यायचा, पाण्याची बाटली कधी सोडायचा नाही. तो खाली बघत म्हणाला, “ताई, मला जायचंय. लहानपणापासून मी खळ्याच्या कडेला घोंगडी पांघरून बसलोय. सगळे नाचतात, मी बघतो. एकदा तरी गोलात शिरू दे मला.”

  मी जाऊन भगताला भेटले. भगत म्हणजे या व्रताचा पुढारी, सगळं त्याच्या शब्दावर चालतं. शहरातली लोकं समजतात तसा तो अडाणी, हट्टी माणूस मुळीच नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, याला पाणी तापवून देऊ, अंगात स्वेटर राहू दे, तहान लागली की प्यावं, दमला की बसावं, देवाला चालतं. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. मी नाशिकला परत आले आणि व्रत सुरू झाल्यापासून रोज फोन करत राहिले. पाणी तापवलं का? तापवलं. प्यायलास का? प्यालो. आवाज इतका खुशीत असायचा की मीही ढिली पडले.

पौर्णिमा जवळ आली होती. शाळेत मी वह्या तपासत बसले होते आणि भावाच्या नंबरवरून आईचा फोन आला. आईला फोन लावता येत नाही, म्हणजे कुणीतरी लावून दिला होता. त्याची छाती भरली होती, श्वास घेता येत नव्हता. कळवणला दाखवलं, तिथून लगेच नाशिकला हलवायला सांगितलं होतं.  मी वर्ग कुणाला सांगितला, रिक्षा कुठून केली, काही आठवत नाही. दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून मी येणारी प्रत्येक गाडी बघत होते आणि प्रत्येक गाडी त्याची नव्हती.

त्याला उतरवलं तेव्हा पाय अनवाणी, टाचा फुटलेल्या, कपाळावर अजून शेंदराचं बोट. ओठ निळे. डॉक्टरीण वयाने लहान होती पण भराभरा बोलली आणि खरं बोलली. पेशी फुप्फुसात अडकल्या होत्या. ऑक्सिजन चालूच होता, पण त्याचं रक्त काढून दुसऱ्याचं चढवायला हवं होतं, आणि पुष्कळ हवं होतं. आजचा दिवस फार अवघड आहे, असं ती म्हणाली.

मला आत सोडलं तेव्हा तो मास्कच्या आडून काहीतरी म्हणत होता. मी कान जवळ नेला.

“गरम पाणी व्हतं, ताई. रोज ठेवायचे.”

“मग?”

“मी घेतलं नाय.” तो थांबला, दोन श्वास घेतले. “सगळे नदीवर जायचे. मी एकटा पातेल्यापाशी... बरं नाय दिसत ते.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच. एवढ्या जपून सांभाळलेल्या पोराने चारचौघांसारखं दिसावं म्हणून थंडीच्या पहाटे नदीत डुबकी मारावी! आणि त्याच वेळी माझं काळीज तुटत होतं, कारण मला ते समजत होतं. जन्मभर हा वेगळा होता. पाणी वेगळं, कपडे वेगळे, खेळ नाही, पोहणं नाही. ज्या वेगळेपणावर माझा अख्खा धडा उभा आहे, ते नकोसं झालेलं पोर माझ्यासमोर श्वास मोजत पडलं होतं. मी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, बरं केलंस, आता बोलू नकोस.

दुपारी गावाहून जीप आली. भगत आणि त्याच्याबरोबरच्या माऊल्या, सगळे अनवाणी, अंगात व्रताचे पांढरे कपडे. भगताने त्यांचं व्रत तेवढ्यापुरतं मोकळं केलं होतं. रक्त लागणार असं कळल्यावर ते तसेच खळ्यावरून निघाले होते. दवाखान्यातली माणसं त्यांच्याकडे टकमका बघत होती. मला पहिल्यांदा रडू आलं ते त्यांना बघून. माझ्या नवऱ्याने आधीच रक्त दिलं होतं, शाळेतले दोन सहकारी देऊन गेले होते. आता हे इतके दणकट गडी आले, म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला.

रक्तपेढीतल्या माणसाने गाव विचारलं आणि म्हणाला, त्या भागातले आहात तर आधी सिकलची तपासणी करतो. बोटाला सुई टोचून एकेकाचा थेंब घेतला. ते भिंतीला पाठ लावून, चेष्टामस्करी करत उभे राहिले. थोड्या वेळाने त्या माणसाने एकेकाला बाजूला काढायला सुरुवात केली. तुम्ही नको. तुम्ही पण नको. तुम्ही थांबा. उरलेले मोजकेच आत गेले. ज्यांना बाजूला काढलं त्यात गावातला सगळ्यात ताकदीचा गडीही होता, भाताचं पोतं एका हाताने उचलणारा. तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

“बाई, मला बी हाय म्हणतात.”

“तुम्हाला अर्धा आहे,” मी म्हणाले. “अर्ध्याने काही होत नाही. फक्त याला ते रक्त चालणार नाही.”

“मंग आमी आलो कशाला?” तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

मी त्या भिंतीला टेकलेल्या माणसांकडे बघत राहिले. पुस्तकात ज्याला मी निवड म्हणते ती तिथं ओळीने उभी होती. आमच्या डोंगरांत पिढ्यानपिढ्या हिवताप होता. पावसाळा संपला की घरोघरी तापाची माणसं पडायची. ज्यांच्या रक्तात हा अर्धा दोष होता त्यांच्यात त्या तापाचा जंतू नीट माजत नव्हता, त्यांना ताप जीवघेणा व्हायचा नाही. ज्यांच्यात नव्हता त्यांतले पुष्कळ मेले. वाचलेल्यांना पोरं झाली. अशा रीतीने अर्धा दोष डोंगरभर पसरला. ज्याच्या वाट्याला दोन्हीकडून आला त्याचं काय होईल, याचा हिशेब कुणी केला नव्हता, कारण हिशेब करणारं तिथं कुणी नसतंच. आता औषधं आली, फवारण्या झाल्या, हिवताप गेल्यासारखा झाला. दोष तेवढा राहिला. चोर केव्हाच गेलाय आणि राखणीचं कुत्रं घरच्याच पोराला फाडतंय. वर्गात मी हे उदाहरण फार रंगवून सांगते, मुलं माना डोलवतात. त्या दिवशी मला त्या रंगवण्याची किळस आली.

जेवढं रक्त मिळालं तेवढं चढवायला सुरुवात झाली. तासाभराने त्याचे ओठ जरा बरे दिसायला लागले, निदान मला तरी तसं वाटलं. मी आईला म्हणाले, बघ, रंग येतोय. आईने देवाचं नाव घेऊन हात जोडले. मीही जोडले. मी कुठल्याच देवाला मानत नाही, पण त्या वेळी कुणी मला दगडापुढे लोळण घ्यायला सांगितलं असतं तर घेतली असती. मी मनात सगळ्यांशी सौदे करत होते. त्याचं दुकान जाऊ दे, चालणं जाऊ दे, फक्त श्वास चालू दे. दिवस मावळायच्या आधीच आतली धावपळ वाढली. आम्हाला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मला त्याचे फक्त पाय दिसत होते. ते हलायचे थांबले.

डॉक्टरीण बाहेर आली. 

माझ्या भावाचं वय अवघं चोवीस होतं. मी तिथं भिंतीवर डोकं आपटलं असं नवरा सांगतो. मला ते आठवत नाही. मला आठवतं की मी ओरडत होते, त्याला नदीवर जाऊ कुणी दिलं, आणि माऊल्या माना खाली घालून उभ्या होत्या.  आई ओरडली नाही. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा शेंदूर पुसला आणि पुन्हा थोडासा तिथंच लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शववाहिका मिळाली. मागे त्याच्याजवळ आई आणि मी, पुढे ड्रायव्हर आणि नवरा, आणि आमच्या मागून माऊल्यांची जीप. दिंडोरी गेली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घड नुकते भरायला लागलेले. बाया विरळणी करत होत्या, चांगले मणी ठेवायचे आणि बाकीचे कात्रीने खुडून खाली टाकायचे. आईने त्या कामात हयात घातली होती. तिने बाहेर बघितलंच नाही. तिचा उजवा हात त्याच्या कपाळावर होता आणि ती तो हळूहळू फिरवत होती, तापात फिरवायची तसा.

वणी मागे पडल्यावर ती म्हणाली, “त्या पोरांच्यात बी हाय म्हणाले.”

“हो.”

“मंग ते धडधाकट कसे?”

मला गप्प बसायला हवं होतं. पण मी शिक्षिका आहे. माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देणं एवढंच मला येतं. आणि कुठंतरी असंही वाटलं की हिला कळलं तर ही स्वतःला दोष देणार नाही, नवसाला दोष देणार नाही. मी सांगत गेले. सोपं करून सांगितलं. हिवताप यायचा तेव्हा अर्धावाले वाचायचे. बाकीचे जायचे. त्या वाचलेल्यांची आपण लेकरं. तू वाचलीस ती त्यामुळेच असशील, मीही त्यातलीच. दोन अर्धे एकत्र आले की मात्र असं होतं. यात कुणाची चूक नाही, आई. तुझी तर नाहीच.

 रस्ता खराब होता, गाडी हळू चालली होती.

“माझे दोन भाऊ व्हते,” ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. मामा म्हणून आम्ही कुणाला ओळखतच नव्हतो. आईला भाऊ नाहीत एवढंच आम्हाला ठाऊक.

“हिवतापात गेले. एकामागं एक. मी बारकी, त्यांच्यामदीच निजायची. मला काय झालं नाय. लोकं म्हणायची पोरीनं भाऊ खाल्ले. लगीन जमंना माझं.” तिचा हात अजून त्याच्या कपाळावर फिरत होता. “माझी आई म्हणायची, तुला डोंगऱ्या देवानं ठेवलं. त्याचं काय तरी काम आसल तुझ्याकडं. मी म्हणून त्याला ह्याच्यासाटी नवस बोलले. मला ठेवलं, तर माझ्या पोराला बी ठेवल.”

मी तिच्या दंडाला धरलं. आई, असू दे, म्हणाले.

“म्हंजी देवानं नाय ठेवलं मला,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला उत्तर एकदम कळतं तसा. “माझ्यातलं ते. त्यानं मला ठेवलं, आन त्यानंच ह्याला नेलं. मी दिलेलं.”

“असं नाही आई, अर्धं बाबांचंही होतं, ते कुणी मुद्दाम...”

तिचा हात थांबला. तिने तो त्याच्या कपाळावरून उचलला, उलटा करून बघितला, आणि मूठ वळून पदराखाली घेतला. मी तिचं मनगट धरून तो हात पुन्हा त्याच्यावर ठेवायचा प्रयत्न केला. आई, तो तुझा आहे, लाव हात, म्हणून मी रडत होते, विनवत होते. तिने मूठ सोडली नाही. ती सरकून गाडीच्या पत्र्याला टेकली, त्याच्यापासून जमेल तेवढी लांब. गाव येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. घरी त्याला आंघोळ घालताना सगळ्यांनी बोलावलं तरी ती जवळ आली नाही.